चांदण्या कशासाठी द्यायच्या? अभ्यासातल्या गेमिफिकेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

पॉइंट, लेव्हल, बॅज, क्रमवारी, सलग दिवसांची स्ट्रीक या खेळातल्या गोष्टी जिथे खेळ नाही अशा कामात आणणं म्हणजे गेमिफिकेशन. 2011 साली सेबास्टियन डेटरडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास अशीच व्याख्या केली आणि अभ्यासक आजही तीच वापरतात. या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: आधी उत्साह आला, मग तो गेला. म्हणून उत्साह का जातो आणि त्यावर नेमकं काय करायचं, याला इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : चौथीच्या वर्गात 28 मुलं आहेत. भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता आहे आणि चांगलं काम केलं की मी चांदणी चिकटवते. पहिले दोन आठवडे मुलं शाळा भरायच्या आधीच तक्त्यापुढे गर्दी करायची. आता वरची चार-पाच नावं ठरून गेली आहेत आणि बाकीची मुलं तिकडे बघतही नाहीत. तक्ता काढून टाकू का?
— प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सांगोला तालुका

उत्तर : तक्ता काढा, चांदण्या ठेवा. उत्साह का गेला ते साध्या हिशोबात दिसतं. समजा, सगळ्यात वरच्या मुलीच्या 96 चांदण्या आहेत आणि सगळ्यात खालच्या मुलाच्या 31. सत्राचे 20 दिवस उरलेत आणि दिवसाला जास्तीत जास्त 3 चांदण्या मिळतात. त्या मुलानं एकही दिवस न चुकता सगळ्या मिळवल्या आणि त्या मुलीला मधल्या काळात एकही मिळाली नाही, तरी तो 91 वरच पोचतो. हा हिशोब त्याला कागदावर मांडता येणार नाही, पण रोज तक्ता बघून तो त्याला कळतो आणि तो बघणं सोडतो. याला आळस म्हणू नये. जिथे आपल्या प्रयत्नानं काही हलणार नाही तिथून त्यानं लक्ष काढून घेतलंय, इतकंच.

दुसरी अडचण 'चांगलं काम' या मोघम निकषाची आहे. ज्याला आधीच येतं त्याचंच काम चांगलं दिसतं. मग काल येत नव्हतं ते आज जमलं, याची नोंद तक्त्यावर कुठेच होत नाही.

त्याऐवजी प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं स्वतःचं कार्ड द्या आणि त्यावर 12 पायऱ्यांची शिडी काढा. गुणाकारासाठी पायऱ्या अशा लावता येतील: पहिली 2 आणि 10 चा पाढा, दुसरी 5, तिसरी 3, चौथी 4, पाचवी या सगळ्यांची मिसळ, मग सहावी 6, सातवी 9, आठवी 8, नववी 7, दहावी पुन्हा मिसळ, अकरावी दोन अंकी गुणिले एक अंकी बिनहातच्याचं आणि बारावी हातच्याचं. 9 चा पाढा 7 च्या आधी मुद्दाम घेतला आहे. 9 मध्ये मुलांना आधार सापडतो, कारण 90 पर्यंतच्या प्रत्येक उत्तरातल्या अंकांची बेरीज 9 येते. 7 ला असा आधार नाही, म्हणून तो शेवटी.

प्रत्येक पायरीला 10 गुणाकारांची चिठ्ठी असावी आणि त्यांचा क्रम विस्कटलेला असावा, नाहीतर मुलं पाढा म्हणत म्हणत उत्तरं लिहून काढतात. 10 पैकी 9 बरोबर आले की पायरी पार. एक चूक लक्ष हललं म्हणूनही होते, ती माफ. वेळेचं बंधन नको. नाही जमलं तर पुन्हा बसता येतं, मात्र दुसऱ्या दिवशी आणि वेगळ्या चिठ्ठीवर. त्याच दिवशी बसू दिलं तर मुलगा नुकतीच बघितलेली उत्तरं आठवून पार होतो आणि चार दिवसांनी कोरा असतो. पायरीला 4 चिठ्ठ्या धरल्या तर एकूण 48 लागतील. एकदा केल्या की पुढची वर्षं पुरतात.

पहिल्या दोन पायऱ्या बहुतेकांना आधीच येत असणार, आणि त्या तशाच हव्यात. जोसेफ नूनेस आणि झेवियर ड्रेझ या संशोधकांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी धुण्याच्या दुकानात काही ग्राहकांना 8 शिक्के जमवायचं कार्ड दिलं, तर काहींना 10 शिक्क्यांचं, पण त्यातले 2 आधीच मारलेले. दोघांनाही जमवायचे 8 च. तरी पहिल्या गटात 19 टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यात 34 टक्क्यांनी. आपण निघालोच आहोत असं वाटलं की माणूस चालत राहतो. वर्गात हे आणखी प्रामाणिकपणे करता येतं, कारण त्या दोन पायऱ्या मुलानं खरोखर स्वतः चढलेल्या असतात.

सगळ्या वर्गाला एकत्र बांधायला टेबलावर पारदर्शक बरणी ठेवा. कुणीही एक पायरी पार केली की त्यानं स्वतःच्या हातानं एक चिंचोका टाकायचा. नवव्या पायरीवरच्या मुलीचा आणि दुसऱ्या पायरीवरच्या मुलाचा चिंचोका सारखाच, आणि मागच्या मुलांना वर्गात मान मिळतो तो इथे. 60 झाले की शेवटचा तास लगोरीचा. आठवड्याला सरासरी एक पायरी धरली तर 28 मुलांचे 60 चिंचोके दोन आठवड्यांहून थोड्या जास्त दिवसांत होतात. आकडा 200 ठेवलात तर सात आठवडे लागतील. या वयाच्या मुलांना इतकं लांबचं बक्षीस ओढत नाही.

बिघाड कुठे होईल तेही आधीच सांगून ठेवतो. चिठ्ठ्या मुलांनी जोडीनं तपासल्या तर तुमचा वेळ वाचतो, पण मित्राला पुढे ढकललंही जातं. म्हणून पाचवी आणि दहावी या मिसळीच्या पायऱ्या तुम्ही स्वतः तपासा. ढकललेला तिथे अडकतो आणि कुणाला न रागावता मागची पायरी पुन्हा करतो. कार्डं घरी देऊ नका, डब्यात ठेवा. तीन-चार मुलं सगळ्यांच्या आधी शिडी संपवतील. त्यांना आणखी गुणाकार देऊ नका. आठवडी बाजाराचे भाव घेऊन शाब्दिक उदाहरणं तयार करायला सांगा आणि ती इतरांना सोडवायला द्या.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. वाचनाची सवय लागावी म्हणून एका पुस्तकाला 10 रुपये ठरवले. आता तो सगळ्यात बारीक पुस्तक उचलतो आणि इतर कामांनाही "किती देणार?" विचारतो. पैसे बंद केले तर वाचन सुटेल अशी भीती वाटते.
— एक आई, ठाणे

उत्तर : बारीक पुस्तक निवडणं हे तुम्ही ठरवलेल्या नियमाचं सरळ फळ आहे. मोजमाप 'एक पुस्तक' असेल तर कमीत कमी कष्टाचं पुस्तक घेणं हेच त्याच्या दृष्टीनं योग्य. पानाला पैसे दिले असते तर त्यानं पानं उलटली असती.

त्याहून गंभीर मुद्दा 1973 सालच्या एका प्रयोगातून कळतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची, आपणहून रंगीत मार्करनं चित्रं काढणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच पत्र न सांगता, नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा टेबलावर ठेवले आणि मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. काहीच न मिळालेल्या मुलांनी सुमारे 16.7 टक्के वेळ चित्रांना दिला, अवचित बक्षीस मिळालेल्यांनी 18.1 टक्के आणि आधी कबूल करून बक्षीस दिलेल्यांनी फक्त 8.6 टक्के. ज्या मुलांना चित्रं आवडत होती त्यांचीच आवड निम्म्यावर आली. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 1999 साली अशा 128 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसानं आवड घटते, आणि लहान मुलांत जास्त घटते, हे त्यातही दिसलं.

तेव्हा पैसे बंद करा, पण अचानक नको आणि रागानं तर अजिबात नको. "या महिन्याच्या शेवटापर्यंत ठरल्याप्रमाणे देणार, पुढे नाही" असं आजच सांगा आणि ठरलेले पैसे चोख द्या. खाऊचे पैसे देत असाल तर ते वेगळे ठेवा, त्यांचा वाचनाशी संबंध नको. बंद झाल्यावर दोन ते चार आठवडे वाचन जवळजवळ थांबेल. हा काळ काढावाच लागतो. घाबरून 5 रुपयांवर तडजोड केलीत तर "थांबलं की भाव मिळतो" एवढंच तो शिकेल.

या काळात निवड त्याच्याकडे द्या. वाचनालयातून पाच पुस्तकं आणा, कुठलं घ्यायचं ते तो ठरवेल, आणि दहा पानांनंतर नाही आवडलं तर सोडून देण्याची मुभा असू द्या. झोपण्याआधी पंधरा मिनिटं शेजारी बसून एक पान तुम्ही, एक पान त्यानं. "किती पानं झाली?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा, "आता पुढे काय होईल असं वाटतं?" हा विचारा.

खेळ हवाच असेल तर 16 चौकटींचा कागद करा आणि चौकटींत आकड्यांऐवजी पुस्तकांचे प्रकार लिहा: प्राणी बोलतात ते पुस्तक, कवितांचं पुस्तक, आईच्या लहानपणचं पुस्तक, धाकट्या भावंडाला मोठ्यानं वाचून दाखवलेलं पुस्तक, नकाशा असलेलं पुस्तक. वाचलं की चौकट रंगवायची. कागद पूर्ण झाल्यावर बक्षीस ठेवू नका. रंगवलेला कागद भिंतीवर लावा आणि त्यातलं सगळ्यात मजेदार कुठलं हे पाहुण्यांसमोर त्याला सांगू द्या.

दप्तर भरणं, बूट जागेवर ठेवणं अशा कंटाळवाण्या कामांना मात्र महिनाभर चांदण्या लावायला हरकत नाही. तिथे मुळात आवडच नसते, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नसतं. सवय लागली की चांदण्या हळूहळू कमी करा.

प्रश्न : राज्यसेवेची तयारी करतो आहे. एका क्विझ ॲपवर माझी 210 दिवसांची स्ट्रीक आहे, लीगमध्येही वर असतो. पण सराव परीक्षेत राज्यघटनेची कलमं आठवत नाहीत. चूक कुठे होतेय?
— स्पर्धा परीक्षार्थी, पुणे

उत्तर : स्ट्रीक हजेरी मोजते. ॲप उघडून पाच सोपे प्रश्न सोडवले तरी दिवस मोजला जातो. जसजसा आकडा वाढतो तसतशी तो तुटण्याची भीती वाढते, आणि रात्री पावणेबाराला आपण अभ्यासासाठी नव्हे, आकड्यासाठी ॲप उघडतो. लीगचंही तसंच. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये साधारण 30 जणांच्या गटात आठवड्याचे पॉइंट मोजले जातात. ज्याला वर राहायचं आहे त्याला कठीण नवा धडा घेण्यापेक्षा येणारा सोपा धडा पुन्हा करणं परवडतं. शिवाय चार पर्यायांतून उत्तर ओळखणं आणि काही समोर नसताना ते आठवणं ही वेगवेगळी कामं आहेत. तुमचा सराव पहिल्याचा झाला आहे.

मोजण्याची गोष्ट बदला. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केलेली पाच कप्प्यांची पेटी यासाठी उत्तम आहे, आणि ती बुटांच्या खोक्यातही होते. कार्डाच्या एका बाजूला एकच प्रश्न, मागे उत्तर. "वित्त आयोग कुठल्या कलमात?" मागे 280. "कलम 324 कशाबद्दल?" मागे निवडणूक आयोग. "73 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत किती विषय?" मागे 29. एका कार्डावर तीन गोष्टी कोंबल्या की दोन आठवतात, एक नाही, आणि आपण स्वतःला उगाच पास करतो.

नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा 2 दिवसांनी, तिसरा 4, चौथा 8 आणि पाचवा 16 दिवसांनी. उत्तर मोठ्यानं म्हणा किंवा लिहा, मगच कार्ड उलटा. बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात. चुकलं तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. दिवसाला 10 पेक्षा जास्त नवी कार्डं घेऊ नका. प्रत्येक कार्ड महिन्याभरात किमान पाच वेळा समोर येतं, म्हणजे रोज 10 नव्या कार्डांनी रोजची उजळणी 50 ते 60 कार्डांवर स्थिरावते आणि पंधरा-वीस मिनिटांत होते. उत्साहाच्या भरात रोज 30 घेतलीत तर महिन्याअखेर दीडशेहून जास्त कार्डं दिवसाला अंगावर येतात. बहुतेक पेट्या तिथेच बंद पडतात.

दर रविवारी एकच आकडा वहीत लिहा: या आठवड्यात पाचव्या कप्प्यातून पार झालेली कार्डं. पहिले चार आठवडे तो शून्य येईल, कारण कार्डाला पाच कप्पे ओलांडायलाच तेवढे दिवस लागतात. तिथे धीर सोडू नका. स्ट्रीक ठेवायचीच असेल तर "आठवड्यात 6 दिवस" अशी ठेवा. एखादा दिवस प्रवासात, आजारपणात जातोच. एका दिवसासाठी 210 चा शून्य करणारा नियम असेल तर तो तुटल्यावर पुष्कळजण सगळंच सोडून देतात.

प्रश्न : आठवी-नववीच्या गणिताच्या क्लासमध्ये कहूट (फोनवर खेळायची क्विझ) घेतो. मुलांना फार आवडतं, पण हुशार आणि शांत मुलं खाली राहतात, आणि उत्तरं न वाचता दाबणारी वर जातात. असं का?
— क्लासचालक, लातूर

उत्तर : गुण द्यायची पद्धत तशी आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये बरोबर उत्तर लगेच दिलं तर 1000 पॉइंट मिळतात आणि जितका वेळ जातो तितके कमी होत शेवटच्या क्षणी सुमारे 500 उरतात. 20 सेकंदांच्या 10 प्रश्नांत एका मुलीनं दरवेळी 16 सेकंद विचार करून 7 बरोबर सोडवले, तर तिला 600 प्रमाणे 4200. दुसऱ्यानं 2 सेकंदांत बटण दाबून 5 बरोबर काढले, तर त्याला 950 प्रमाणे 4750. पाच प्रश्न चुकलेला तीन प्रश्न चुकलेलीच्या पुढे गेला, आणि हे सगळ्या क्लासला पडद्यावर दिसलं.

पाढे, सूत्रं, चिन्हांचे नियम अशा गोष्टी चटकन सुचायलाच हव्यात, तिथे वेग मोजा. मांडणी करून सोडवायच्या गणितांत वेगाचे पॉइंट बंद ठेवा. ते जमत नसेल तर वेळ 90 सेकंदांवर न्या, म्हणजे 10-12 सेकंदांचा फरक किरकोळ ठरतो. दोघांत एक फोन द्या. प्रत्येक प्रश्नानंतर क्रमवारीचा पडदा पटकन पुढे ढकला आणि कुणी कुठला पर्याय निवडला त्याच्या आलेखावर थांबा. खरी शिकवण तिथे होते.

त्यासाठी चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांतून घ्या. (x + 3)² चा विस्तार विचारलात तर बरोबर उत्तर x² + 6x + 9. त्याच्याजवळ x² + 9 ठेवा. तो निवडणारा मधलं पद विसरतो. x² + 3x + 9 निवडणारा दुप्पट करायला विसरतो. x² + 6x + 6 निवडणारा 3 चा वर्ग करण्याऐवजी दुप्पट करतो. आलेख दिसला की कुणाला काय समजावायचं ते तुम्हाला कळतं. बरोबर उत्तरं 30 ते 70 टक्क्यांच्या मध्ये असतील तर उत्तर सांगूच नका. दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर 1990 च्या दशकापासून ही पद्धत वापरत आले आहेत. अशा रीतीनं तासाला 5 ते 6 प्रश्नच होतात, आणि तेवढे पुरेत. आठवड्याला एकाहून जास्त तास असा घेऊ नका, नव्याची नवलाई लवकर संपते.

प्रश्न : अशा ॲपवर मुलीचं पूर्ण नाव, शाळा, फोटो मागतात. द्यावं का?
— पालक, कोल्हापूर

उत्तर : देऊ नका. टोपणनाव आणि कोडवर बहुतेक क्विझ चालतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी अशी तरतूद आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांवर, काही अपवाद वगळता, बंदी आहे. शाळेनं ॲप सक्तीचं केलं असेल तर संमती कुणी, कशासाठी घेतली हे लेखी विचारा.

प्रश्न : रविवारच्या मराठी शाळेत 6 ते 12 वर्षांची 11 मुलं आहेत. दोन तास मिळतात. मराठी बोललं की पॉइंट, इंग्रजी बोललं की एक कापायचा असं केलं, तर मुलं गप्पच बसायला लागली.
— स्वयंसेवक शिक्षिका, न्यू जर्सी

उत्तर : कापाकापी आजच थांबवा. अडखळत बोलणाऱ्याला मध्ये एखादा इंग्रजी शब्द लागतोच. त्याला दंड बसला की सगळ्यात सुरक्षित मार्ग तोंड न उघडण्याचा, आणि मुलं नेमकं तेच करताहेत. वय आणि मराठीची पातळी इतकी वेगळी असलेल्या गटात आपापसातली स्पर्धाही लागू पडत नाही. सगळ्यांनी मिळून पुढे जायचा खेळ घ्या.

पालखीचा मार्ग त्यासाठी तयारच आहे. मोठ्या कागदावर आळंदी ते पंढरपूर मुक्काम लिहा: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. म्हणजे 14 टप्पे आणि 14 रविवार. दिंडी एकच, सगळ्यांची. पुढच्या मुक्कामाला जायला हजर मुलांच्या दुप्पट पावलं लागतात. 11 आली तर 22, 8 आली तर 16. न आलेल्याचा भार इतरांवर पडत नाही.

एक पाऊल वर्गात मिळवायचं. सहा-सात वर्षांच्यांनी 5 अक्षरकार्डं वाचायची, मधल्यांनी जोडाक्षरांची 8 वाक्यं, मोठ्यांनी एक परिच्छेद वाचून दोन प्रश्न विचारायचे. दुसरं पाऊल घरून: आजी-आजोबांना 30 सेकंदांचा मराठी व्हॉइस मेसेज पाठवून एक खरा प्रश्न विचारायचा आणि उत्तर वर्गात सांगायचं. "पुरणपोळीत पुरण घट्ट का शिजवतात?", "तुमच्या शाळेत डबा कसला असायचा?" असे प्रश्न. या पावलात बक्षीस आपोआप येतं, पलीकडून कौतुकाचं उत्तर. तरडगावच्या टप्प्याला चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण आठवून मुलांना समोरासमोर दोन रांगांत उभं करा आणि प्रत्येकानं एकेक ओळ वाचत फेरी पूर्ण करू द्या.

दोन ठिकाणी जपा. आईवडील वाक्य रोमन लिपीत लिहून देतात आणि मूल ते वाचून दाखवतं. म्हणून मेसेजचा प्रश्न लिहून आणायचा नाही, आठवून बोलायचा. आणि मोठं भावंड धाकट्याचं पाऊल उरकून टाकतं. त्यासाठी भावंडांची कार्डं वेगळ्या रंगाची ठेवा. खाऊ वाटायचा असेल तर मुक्काम गाठो न गाठो, सगळ्यांना सारखा.

प्रश्न : बँकेत 140 कर्मचारी आहेत. सायबर सुरक्षेच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला बॅज ठेवले. 98 टक्के पूर्णता दिसते, पण फसव्या ईमेलवर क्लिक करणारे तेवढेच आहेत.
— प्रशिक्षण अधिकारी, सहकारी बँक

उत्तर : बॅज 'पूर्ण केलं' याला आहे, त्यामुळे लोक पूर्ण करतात, म्हणजे 'पुढे' दाबत जातात. सक्तीच्या गोष्टीवर बॅज चिकटवल्यानं ओढ वाढत नाही. मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच विषयाचे दोन वर्ग 16 आठवडे पाहिले. बॅज आणि क्रमवारी असलेल्या वर्गाची प्रेरणा आणि समाधान घसरलं आणि अंतिम परीक्षेतले गुणही कमी आले.

तुम्हाला हवी ती कृती म्हणजे संशयास्पद ईमेल लगेच कळवणं. तीच मोजा. महिन्याला एक सरावाचा फसवा ईमेल पाठवा आणि तीन आकडे ठेवा: किती जणांनी क्लिक केलं, किती जणांनी कळवलं, पहिली खबर किती मिनिटांत आली. तिसरा आकडा सगळ्यात मोलाचा आहे, कारण खऱ्या हल्ल्यात पहिल्या खबरेवर बाकीचे 139 वाचतात. क्लिक करणाऱ्यांची नावं कधीही जाहीर करू नका. एकदा नाव लागलं की पुढच्या वेळी माणूस क्लिक लपवतो आणि बँकेला उशिरा कळतं. कळवलेला ईमेल निरुपद्रवी निघाला तरी एका कामकाजाच्या दिवसात धन्यवादाचं उत्तर जाऊ द्या, नाहीतर लोक कळवणं थांबवतात.

शाखांची आपापसात तुलना टाळा. पाच माणसांच्या शाखेत एकजण म्हणजे 20 टक्के, तिथे आकडा उगाच उड्या मारतो. शाखेची तुलना तिच्याच मागच्या तिमाहीशी करा. बॅज ठेवायचाच असेल तर सलग तीन सराव ईमेल ओळखून कळवणाऱ्याला द्या आणि सहा महिन्यांनी तो आपोआप संपू द्या, कारण तोवर फसवणुकीच्या युक्त्याही बदललेल्या असतात.